रिंगणाबाहेरून



या अंकाच्या संपादकीयाचा विषय मी बैठकीत सांगितला तेव्हा क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, "सुमो? म्हणजे ती गाडी?" सगळ्या हसल्या, मीही हसले. हसणं ओसरल्यावर ताई गंभीर झाल्या. म्हणाल्या, "दोन अवाढव्य पुरुष लंगोट लावून एकमेकांना ढकलतात, आणि त्या मातीवर बाईला पाय ठेवायला बंदी आहे. हे तू आवडीनं पाहतेस? आणि आपल्या अंकात त्यावर लिहिणार?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. आज देऊन पाहते.

आपल्याकडे 'सुमो' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला त्या गाडीचा. ती १९९४ साली रस्त्यावर आली. तिचं नाव जपानी कुस्तीवरून पडलेलं नव्हतं, टाटांच्या मोटार कारखान्याची धुरा वाहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन ते बनवलं होतं. दुसरा अर्थ आपल्यापैकी अनेकींनी शाळेत ऐकला असेल. अंगानं भरलेली मुलगी धावण्याच्या शर्यतीत उभी राहिली, नाचात मागच्या रांगेत गेली किंवा नुसती वर्गात शिरली, की मागच्या बाकावरून हाक यायची, "आली बघ सुमो." मला ही हाक सातवीपासून दहावीपर्यंत ऐकू आली. त्या शब्दामागे खरी माणसं आहेत, एक खेळ आहे, एक समाज आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो शब्द फक्त सोसला होता.

तो खेळ मी पहिल्यांदा नीट पाहिला २०२० साली. टाळेबंदीचे दिवस होते. आमच्या केंद्राची हेल्पलाइन सकाळी सुरू व्हायची आणि रात्रीपर्यंत वाजत राहायची. नवरा घरीच, सासू घरीच, पोरं घरीच, आणि बाईला फोन करायला न्हाणीघराखेरीज जागा नाही. दबक्या आवाजातले ते फोन घेऊन घेऊन आमचे कान आणि मन दोन्ही सुन्न व्हायचे. दुपारी जेवायला बसलं तरी घास गिळवत नसे. अशाच एका जुलैच्या दुपारी मोबाइलवर जपानच्या एनएचके वर्ल्ड या वाहिनीवर सुमोची लढत लागली. जपानात संध्याकाळी चार ते सहा या वेळात वरच्या वर्गाच्या लढती होतात. आपल्याकडे तेव्हा साडेबारा ते अडीच वाजलेले असतात, म्हणजे ऐन डबा उघडायची वेळ. केंद्रात स्वयंपाक आणि साफसफाई पाहणाऱ्या मावशी शेजारी येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, "आज हाय का तुमची कुस्ती?" त्या दिवसापासून आम्ही दोघी सुमोच्या चाहत्या झालो.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मातीचा एक चौथरा असतो, त्याला दोह्यो म्हणतात. त्यावर भाताच्या पेंढ्यांच्या वळ्यांनी आखलेलं साडेचार मीटरचं वर्तुळ. दोन मल्ल चौथऱ्यावर चढतात, पाय उचलून जमिनीवर आपटतात, मूठभर मीठ उधळतात, समोरासमोर ओणवे बसून एकमेकांकडे पाहतात, पुन्हा उठतात, पुन्हा मीठ घेतात. हे बराच वेळ चालतं. मग एका श्वासात दोघं एकमेकांवर आदळतात. जो वर्तुळाबाहेर गेला, किंवा पायाच्या तळव्याखेरीज ज्याचं कोणतंही अंग जमिनीला टेकलं, तो हरला. बहुतेक लढती काही सेकंदांत संपतात. वजनाचे गट नाहीत. शंभर किलोचा मल्ल पावणेदोनशे किलोच्या मल्लासमोर उभा राहतो, आणि कधी कधी त्याला उचलून बाहेर ठेवतो. लढत संपली की दोघं वाकून नमस्कार करतात. जिंकणाऱ्यानं नाचायचं नाही, मूठ उंचावायची नाही. हरलेल्याला वर यायला हात द्यायचा आणि गप्प निघून जायचं.

मला पहिल्यांदा भावली ती ही शांतता. दिवसभर फोनवर पुरुषांच्या ताकदीच्या कहाण्या ऐकत होते. दार लावून घेतलेल्या खोलीत, जिला परत मारता येत नाही अशा बाईवर चालणारी ती ताकद. इथं मात्र ताकदीला हद्द होती, नियम होते, पंच होता, तोडीचा प्रतिस्पर्धी होता आणि शेवटी नमस्कार होता. आणि दुसरी गोष्ट कबूल करायला मला लाज वाटत नाही. ज्या देहाची मी शाळेत लाज बाळगली, तसा देह इथं मान वर करून चालत होता. पोट, मांड्या, दंड, सगळं उघडं. कुणी हसत नव्हतं. लोक आदरानं पाहत होते.

त्या जुलैच्या स्पर्धेत तेरुनोफुजी नावाचा मंगोलियन मल्ल जिंकला. त्याची कहाणी मी मावशींना वाचून दाखवली. २०१५ साली तो ओझेकी झाला होता, म्हणजे सर्वांत वरच्या पदाच्या एकच पायरी खाली. मग गुडघे गेले, मधुमेह झाला, आजारपणात स्पर्धा चुकत गेल्या आणि तो घसरत घसरत खालून दुसऱ्या वर्गात, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये येऊन पडला. ओझेकीपदावर राहिलेला मल्ल इतका खाली घसरून पुन्हा लढायला उतरलेला त्याआधी कुणी पाहिला नव्हता. २०१९ च्या मार्चमध्ये तो तिथून पुन्हा उभा राहिला. २०२० च्या जुलैत वरच्या वर्गात परतला आणि परतल्याच स्पर्धेत अजिंक्य ठरला. पुढच्या वर्षी तो योकोझुना झाला, या खेळातलं सर्वोच्च पद त्यानं मिळवलं. २०२५ च्या जानेवारीत निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर दहा विजेतेपदं होती. मावशींचा नवरा गिरणीच्या कामावरून सुटल्यावर घरी बसला तो उठलाच नाही. त्या म्हणाल्या, "पडलेला माणूस उठतो, हे बघाय बरं वाटतं."

मग त्यांनीच तो प्रश्न विचारला, जो मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता. "एवढ्या बाप्यांचं जेवण कोण रांधतं?"

मैत्रिणींनो, या एका प्रश्नानं माझं सुमो पाहणं बदललं. उत्तर शोधायला गेले तेव्हा रिंगणाच्या मागचं घर दिसायला लागलं. सुमोचे मल्ल तालमीत एकत्र राहतात. स्वयंपाक करतात ते कनिष्ठ मल्लच. मोठ्या हंड्यात चांको नावाचं कालवण शिजतं, त्यात भाज्या, मासे, कोंबडी, सोयाबीनचा खरवसासारखा तोफू. पंधरा-सोळा वर्षांची पोरं पहाटे उठून सराव करतात, मग झाडलोट, कपडे, रांधणं, वरिष्ठांना वाढणं, त्यांची पाठ चोळणं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं स्वतः खायचं. एकूण सहा वर्ग आहेत. पगार मिळतो तो फक्त वरच्या दोन वर्गांतल्या सत्तर जणांना, खालच्यांना जेवण, निवारा आणि किरकोळ भत्ता. वरच्या वर्गात पाऊल पडलं की पगार सुरू होतो आणि त्याच दिवशी घरकाम सुटतं. आता तुमची सेवा करायला दुसरी पोरं येतात.

हे वाचून मी थबकले. पुरुषांना रांधता येत नाही, धुता येत नाही, हे आपण आयुष्यभर ऐकत आलो. इथं ते सगळं पुरुषच करतात आणि उत्तम करतात. पण करतात ते हाती सत्ता नसेपर्यंत. हाती पैसा आणि पद आलं की पहिली सुट्टी मिळते ती चुलीपासून. घरकामाचा संबंध बाईपणाशी लावला जातो, पण मुळात तो खालच्या पायरीशी जोडलेला आहे, हे मला पन्नास शिबिरं घेऊन जितकं स्पष्ट दिसलं नव्हतं तितकं या तालमीच्या स्वयंपाकघरात दिसलं.

आणि या घरात एक बाई आहे. तालमीच्या गुरूची बायको. तिला ओकामिसान म्हणतात. पोरांची आजारपणं, त्यांच्या आईवडिलांशी बोलणं, आश्रयदात्यांची ऊठबस, हिशेब, समारंभ, घरची आठवण येऊन रडणाऱ्या नव्या पोराला समजावणं, हे सगळं ती पाहते. सुमो संघटनेत तिला कोणतंही पद नाही. गुरू निवृत्त झाला की तिचंही काम संपतं. तालीम तिच्या जिवावर उभी असते आणि तिच्या तालमीचा मल्ल जिंकून चषक घेतो तेव्हा ती खाली उभी असते. हे ऐकून तुमच्यापैकी किती जणींना स्वतःच्या घरची शेती, दुकान किंवा नवऱ्याचं राजकारण आठवलं असेल!

या व्यवस्थेच्या काळ्या बाजूवर पांघरूण घालायचं नाही. २००७ साली एका तालमीत सतरा वर्षांच्या शिकाऊ मल्लाचा मारहाणीनं मृत्यू झाला आणि पुढे गुरूला तुरुंगवास झाला. स्पर्धेत दुखापत झाली तर क्रमवारी राखून ठेवणारी सवलत १९७२ पासून होती, ती २००४ मध्ये काढून टाकली. आज मल्ल मैदानात जायबंदी झाला तरी घरी बसलेला प्रत्येक दिवस हार धरला जातो. म्हणून फाटक्या गुडघ्यांवर पट्ट्या बांधून माणसं लढतात. 'मर्दानगी' नावाची गोष्ट पुरुषांकडूनही काय वसूल करते, ते इथं दिसतं.

आता ताईंच्या मुख्य मुद्द्याकडे येते.

दोह्यो प्रत्येक स्पर्धेआधी नव्यानं बांधतात. आदल्या दिवशी त्याची पूजा होते, मधोमध खड्ड्यात मीठ, तांदूळ, समुद्री शेवाळ, सुकवलेला माकूळ मासा, चेस्टनट असा नैवेद्य पुरतात. मग ती भूमी पवित्र झाली, आणि पवित्र झाली म्हणून बाईला वर्ज्य. या बंदीमागे रक्ताच्या विटाळाची, पाळीची आणि बाळंतपणाची जुनी कल्पना असल्याचं अभ्यासक सांगतात. संघटना हे नाकारते. २०१८ साली तिच्या अध्यक्षांनी तीन कारणं दिली. सुमोचं मूळ शिंतो विधीत आहे, परंपरा जपायला हवी, आणि दोह्यो ही पुरुषांची साधनेची व झुंजीची जागा आहे.

या बंदीशी जपानी स्त्रिया किती वर्षं झगडत आहेत, ते पाहा. १९७८ साली तोक्योतल्या एका शाळकरी मुलीनं मुलांच्या सुमो स्पर्धेच्या स्थानिक फेरीत दुसरा क्रमांक मिळवला. अंतिम स्पर्धा सुमोच्या मुख्य सभागृहात होती, तिथल्या दोह्योवर तिला उभं राहू दिलं नाही. त्या वेळी श्रम मंत्रालयात स्त्रिया व तरुणांच्या विभागाच्या प्रमुख असलेल्या मोरियामा मायुमी यांनी संघटनेला जाब विचारला. बारा वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच मोरियामा जपानच्या मंत्रिमंडळाच्या मुख्य सचिव होत्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. पंतप्रधानांच्या वतीनं विजेत्याला चषक देण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. संघटनेनं नकार दिला. मुलीला नकार मिळाला तेव्हा ती लहान होती, आणि मोरियामा मंत्री झाल्या तरी उत्तर बदललं नाही. २००० साली ओता फुसाए ओसाकाच्या राज्यपाल झाल्या, जपानमधल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राज्यपाल. दर मार्चमध्ये ओसाकात मोठी स्पर्धा भरते आणि राज्यपालांचा चषक दिला जातो. पदावर असेपर्यंत त्या विचारत राहिल्या, २००८ मध्ये पायउतार झाल्या तरी तो चषक त्यांच्या हातून दिला गेला नाही.

आणि ४ एप्रिल २०१८. क्योतो प्रांतातल्या माइझुरु गावी सुमोचा दौरा होता. दोह्योवर भाषण करताना तिथले महापौर कोसळले. प्रेक्षकांतून काही स्त्रिया धावत वर चढल्या, त्यांत परिचारिका होती. त्या महापौरांच्या छातीवर दाब देत असताना ध्वनिवर्धकावरून सूचना येऊ लागली, महिलांनी दोह्योवरून खाली उतरावं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. महापौर वाचले. नंतर दोह्योवर मीठ टाकलं गेलं, ते स्त्रियांमुळे नव्हे असा खुलासा झाला. संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली. दोनच दिवसांनी तोच दौरा ताकाराझुका शहरात गेला. तिथल्या महापौर नाकागावा तोमोको या स्त्री. त्यांनाही दोह्योवरून बोलू दिलं नाही. त्या शेजारच्या फळ्यांवर उभ्या राहिल्या आणि मी बाई असले तरी माणूस आहे, अशा अर्थाचं बोलून परंपरा तपासायचं धैर्यही हवं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

ते माइझुरुचं चित्रीकरण मी अनेकदा पाहिलं. त्या स्त्रिया घोषणा ऐकून हात थांबवत नाहीत. कुणी वर बघतं, कुणी क्षणभर गोंधळतं, पण दाब चालू राहतो. आपल्या शिबिरांत दाखवावं असं ते दृश्य आहे.

'परंपरा' या शब्दापुढे आपल्याला नेहमी गप्प बसवलं जातं, म्हणून ही परंपरा किती जुनी ते तपासू या. निहोन शोकी हा जपानचा आठव्या शतकातला इतिहासग्रंथ आहे. 'सुमो' हा शब्द त्यात ज्या प्रसंगी पहिल्यांदा येतो, तिथं झुंजणाऱ्या स्त्रिया आहेत. सम्राट युर्याकूनं दरबारातल्या स्त्रियांना लंगोट बांधून कुस्ती खेळायला लावली, असा तो उल्लेख. राजाच्या करमणुकीसाठी झालेली ती कुस्ती काही स्त्रीमुक्तीची घटना नव्हती. पण या खेळात बाई कधी नव्हतीच, हे म्हणणं टिकत नाही. अठराव्या शतकापासून स्त्रियांचे सुमो-फड होते. मेइजी काळात त्यांच्यावर बंधनं आली, तरी काही फड विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगाव फिरत राहिले. सुमो हा शुचिर्भूत राष्ट्रीय खेळ आहे, ही प्रतिमा त्याच मेइजी काळात घडत होती. गंमत अशी की १८७२ साली सरकारनं देवस्थानांतली स्त्रियांवरची प्रवेशबंदी हुकूम काढून उठवली होती.

आणि ही परंपरा हलतच नाही, हेही खरं नाही. १९३१ मध्ये वर्तुळ मोठं केलं. १९५२ मध्ये दोह्योच्या चार कोपऱ्यांतले खांब काढले आणि छप्पर वरून टांगलं, कारण खांबांआड प्रेक्षकांना लढत दिसत नव्हती. पुढच्या वर्षी दूरदर्शनवरून प्रक्षेपण सुरू झालं. १९६९ मध्ये निकालासाठी चित्रफीत पाहायला सुरुवात झाली. १९७२ मध्ये हवाईहून आलेल्या ताकामियामानं विजेतेपद मिळवलं, परदेशी मल्लाचं ते पहिलं. १९९३ मध्ये आकेबोनो पहिला परदेशी योकोझुना झाला. मग मंगोलियन आले. युद्धामुळे २०२२ मध्ये युक्रेनहून जपानला आलेला आओनिशिकी हा तरुण २०२५ च्या नोव्हेंबरात फुकुओकात अजिंक्य झाला, तेव्हा मावशींनी टाळ्या वाजवल्या. परदेशी मल्लांनाही सगळं सुखासुखी मिळालं नाही. एका तालमीत एकच परदेशी, आणि गुरू व्हायचं तर जपानी नागरिकत्व घ्यायचं, अशा अटी आहेत. पण दोह्योवर पाय ठेवायला त्यांना कुणी मनाई केली नाही. २०१९ च्या मे महिन्यात, माइझुरुच्या घटनेनंतर सुमारे वर्षभरानं, अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प पाहुणे म्हणून आले, सपाता घालून दोह्योवर चढले आणि चषक देऊन उतरले. पवित्र मातीवर परका पुरुष चालतो. त्याच मातीच्या देशात जन्मलेली, तिथल्या जनतेनं निवडून दिलेली स्त्री चालत नाही.

इथं मला आजोळ आठवतं. माझे मामा कोल्हापुरात तालमीत जायचे. आई मला थंडाईचा तांब्या देऊन पाठवायची, पण उंबऱ्यापर्यंतच. आत लाल मातीचा हौदा, तेलाचा आणि ताकाचा वास, मातीवर अंग आपटल्याचा आवाज. "पोरी, तिथंच ठेव." मी तांब्या ठेवायची आणि दाराच्या फटीतून बघत राहायची. त्या वेळी मला ते अपमानाचं वाटलं नव्हतं, नुसतं आत जावंसं वाटलं होतं. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा मी घरात एकटीच रडले. ज्या खेळाच्या दारात मला थांबवलं, तो खेळ बदलू शकतो याचा तो पुरावा होता. सुमो पाहताना मी पुन्हा तीच फट शोधत असते, हे मला फार उशिरा कळलं.

सुमोतही स्त्रियांनी फटीतून बघण्यावर भागवलेलं नाही. व्यावसायिक सुमो बंद आहे, म्हणून त्यांनी हौशी सुमोची वाट काढली. १९९६ मध्ये जपानात स्त्रियांच्या सुमोची संघटना झाली, १९९७ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा, २००१ मध्ये आओमोरी प्रांतात पहिली जागतिक स्पर्धा. कोन हियोरी ही त्याच प्रांतातली मुलगी जागतिक स्पर्धांपर्यंत पोहोचली आणि २०१८ मध्ये तिच्यावर माहितीपट निघाला. आणि आपली हेतल दवे! मुंबईची ही ज्युदोपटू सुमोकडे वळली, तेव्हा तिच्याबरोबर सराव करायला दुसरी स्त्री मिळेना, म्हणून ती पुरुषांबरोबर सराव करायची. २००९ मध्ये तैवानच्या काओशुंग शहरातल्या जागतिक क्रीडा स्पर्धेत ती भारताकडून सुमो खेळली. तिच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला 'सुमो दीदी' हा चित्रपट २०२३ च्या तोक्यो चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. शाळेत ज्या शब्दानं मला चिडवलं, तो शब्द या मुलीनं छातीवर मिरवला.

मग ताई, माझं उत्तर काय?

एक वाट सोपी होती. बंदी आहे, तर पाहायचंच बंद करायचं. मी सहा महिने तसं केलंही. त्यानं माइझुरुच्या परिचारिकेचं किंवा त्या शाळकरी मुलीचं काही भलं झालं नाही, नुसती माझी दुपार रिकामी झाली. दुसरीही वाट सोपी होती. परक्या देशाची संस्कृती आहे, आपण कोण बोलणार, म्हणून गप्प बसायचं. पण हे वाक्य आपण ओळखतो. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याबद्दल स्त्रियांनी विचारलं तेव्हा हेच ऐकवलं गेलं. तुम्ही भक्त नाही, बाहेरच्या आहात, गावच्या बायकांची तक्रार नाही. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं कायदा स्पष्ट केल्यावर गुढीपाडव्याला तो चौथरा उघडला. 'बाहेरच्या' बायका बोलल्या नसत्या तर तो आजही बंद असता.

तरीही तिथला आणि इथला फरक मी विसरत नाही. दोह्यो उघडायचा की नाही, कसा आणि केव्हा, हे जपानी स्त्रिया ठरवतील. त्यांच्यातही मतभेद आहेत. बंदी राहावी असं मानणाऱ्या स्त्रियाही आहेत, जशा आपल्याकडे होत्या आणि आहेत. दूरदेशीच्या चाहतीनं तिथं जाऊन शिकवण्याचं कारण नाही. तिनं एवढं करावं की प्रेमापोटी डोळे मिटू नयेत. आपल्या आवडत्या मल्लाचं कौतुक करताना ओकामिसानचं नाव घ्यावं. 'हजारो वर्षांची परंपरा' असं कुणी म्हणालं की १९३१, १९५२, १९६९ ही सालं सांगावीत. आणि 'बायकांना यात रसच नाही' असं म्हणणाऱ्यांना सांगावं, की जपानात सुमोच्या स्त्री-चाहत्या इतक्या वाढल्या की त्यांच्यासाठी 'सूजो' असा नवा शब्द पडला. तिकिटं काढून सभागृह भरणाऱ्या त्या आहेत. तिकीट चालतं, पाऊल चालत नाही, ही गोष्ट अशीच किती वर्षं चालेल?

२०२५ च्या ऑक्टोबरात ताकाइची सनाए जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. पंतप्रधानांच्या नावाचा चषक कोण देणार, हा प्रश्न लगेच पुन्हा उभा राहिला. त्यांचं राजकारण आपल्या विचारांचं नाही, पण मुद्दा त्यांच्या राजकारणाचा नाहीच. मोरियामांना नकार मिळून तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. सर्वोच्च पदावर बाई पोहोचली तरी मातीचा तो चौथरा दोन फुटांवर तसाच होता. पद मिळालं म्हणजे प्रवेश मिळाला, असं मानणाऱ्या आपल्यातल्या सगळ्यांनी यावर विचार करायला हवा. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आपल्या किती सरपंच बाया ध्वजारोहणाच्या वेळी नवऱ्याच्या मागे उभ्या केल्या जातात!

परवा मी मावशींना हे सगळं सांगितलं. बंदीचं त्यांना आधी ठाऊक नव्हतं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग ताटं उचलताना म्हणाल्या, "माती कालवायची झाली की बाई चालती. घर सारवायला चालती. मग हितंच काय झालं?" थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "पुढची कुस्ती कवा हाय?"

एखाद्या गोष्टीवर जीव जडतो आणि तिथंच आपल्याला दारात उभं केलं जातं. भजनी मंडळ असो, नाटक असो, पक्ष असो, देऊळ असो, स्वतःचं घर असो. आपल्यापैकी प्रत्येकीकडे असा एक चौथरा आहे. तुमचा कोणता? तो सोडून दिलात, की तिथं उभ्या राहून विचारत राहिलात? मोकळेपणानं लिहा. पुढच्या अंकात आपण त्या पत्रांना जास्तीत जास्त जागा देणार आहोत. शाळेत कुणी तुम्हाला 'सुमो' म्हटलं असेल, तर तेही कळवा. आपण बऱ्याच जणी निघू.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळाच्या वतीनं